चिंधी, टर्पेंटाइन आणि उकळतं पाणी: जुन्या लष्करी रायफलींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जुन्या लष्करी रायफलींबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. उत्तरांमध्ये जिथे जिथे ‘रायफल घ्या’ असं म्हटलं आहे, तिथे मॅगझिन रिकामं करणं, बोल्ट मागे ओढणं, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, डोळ्यांनी बघणं आणि बोटानेही चाचपणं हे धरून चालावं. काडतुसं साफसफाईच्या खोलीत नकोतच.

प्रश्न: नुकतीच घेतलेली मोसिन-नागांत ९१/३० तपकिरी, चिकट ग्रीसने नखशिखांत बरबटलेली आहे. कापडाने पुसलं की नुसतं पसरतं. पेट्रोलने धुतली तर चालेल का?

पेट्रोल नको. त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. शिवाय या कामाला त्याची गरजही नाही. तुमच्या रायफलीवर आहे ते कॉस्मोलिन, म्हणजे खनिज तेलापासून केलेला मेणासारखा गंजरोधक लेप. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि लाखेसारखा थर मागे राहतो. हा थर साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि रंगारी वापरतात त्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळतो. आधी उष्णता, मग टर्पेंटाइन. क्रम उलटा केलात तर दुप्पट टर्पेंटाइन आणि चौपट चिंध्या लागतील.

बोल्ट, बँड आणि वरचं लाकूड काढा. मग दोन मुख्य स्क्रू सोडवून नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) लाकडातून वेगळे करा. मागचा स्क्रू वरून आत जातो, पुढचा खालून. दोन्हींची लांबी वेगळी असते, म्हणून खूण करून ठेवा. लोखंडी भागांवर उकळतं पाणी ओतलंत की बरंचसं कॉस्मोलिन वाहून जाईल. हे पाणी मोरीत सोडू नका. पाइपात गार झालं की ते तिथेच घट्ट बसतं आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. बादलीत धरा, गार झाल्यावर वर साय धरते ती खरवडून टाका.

उरलेल्या मळासाठी पसरट ट्रेमध्ये अर्धा लिटर टर्पेंटाइन पुरतं. छोटे भाग त्यात २० मिनिटं बुडवा, मोठ्या भागांना नायलॉनच्या ब्रशने लावा. दारं-खिडक्या उघड्या, हातात नायट्राइलचे मोजे, जवळपास ज्योत नाही. बोल्ट पूर्ण सुटा करायलाच हवा, कारण स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकलेलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, फायरिंग पिनचा वेग कमी करतं आणि काडतुसाच्या तळाशी ठिणगी पाडणारी टोपी असते तिच्यावर हलका ठोका पडून काडतूस उडत नाही. असा मिसफायर झाला की दोष उगाच काडतुसाच्या माथी मारला जातो.

टर्पेंटाइन उडून गेलं की धातू उघडा पडतो. त्याच बैठकीत सगळ्या भागांना तेलाचा पातळ हात द्या, उद्यावर ठेवू नका.

बोल्ट परत जुळवताना फायरिंग पिन किती बाहेर येते ते तपासल्याशिवाय रायफल वापरू नका. मोसिनच्या मूळ स्क्रूड्रायव्हरला ७५ आणि ९५ अशा आकड्यांच्या खाचा असतात. हे इंचाचे हजारावे भाग आहेत, म्हणजे अंदाजे १.९ आणि २.४ मिलिमीटर. पिन सुटलेल्या स्थितीत बोल्टच्या तोंडावर हत्यार फिरवा: ७५ ची खाच पिनला अडली पाहिजे, ९५ ची न लागता निघून गेली पाहिजे. पिन कमी बाहेर आली तर मिसफायर, जास्त आली तर टोपी फुटून गरम वायू मागे येतो. बोल्टच्या मागच्या टोकाशी असलेल्या कॉकिंग पीसमध्ये पिन आट्यांवर फिरते. मागच्या टोकावरची रेघ कॉकिंग पीसवरच्या रेघेशी जुळवा, मग अर्ध्या फेऱ्यांनी कमी-जास्त करा.

प्रश्न: याच रायफलीचा बोल्ट पहिले दहा-बारा बार सहज उघडतो, नंतर तळहाताने ठोकावा लागतो. पोलादी काडतुसांवरची लाख वितळून चिकटते असं ऐकलं. खरं आहे का?

लाखेवर हा आळ फार जुना आहे. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार चेंबरमध्ये राहिलेलं कॉस्मोलिन असतं. नळी साफ करताना रॉडवरचा ब्रश ७.६२ मिलिमीटरचा असतो, आणि चेंबर त्याहून बरंच रुंद. त्यामुळे ब्रश तिथून भिंतींना न शिवता निघून जातो. नळी आरशासारखी दिसते आणि चेंबर मात्र जसंच्या तसं राहतं. चेंबर तापलं की तो थर मऊ होऊन काडतुसाला धरून ठेवतो.

२० गेजचा शॉटगनचा ब्राँझ ब्रश रॉडच्या एका छोट्या तुकड्यावर लावा, टर्पेंटाइनमध्ये भिजवा आणि बोल्टच्या बाजूने चेंबरमध्ये घाला. हाताने किंवा ड्रिलच्या सर्वांत कमी वेगावर अर्धा मिनिट फिरवा, मग जाड चिंधीने पुसा. चिंधी तपकिरी येते तोवर पुन्हा. ब्रश पुढे नळीच्या खाचांपर्यंत ढकलू नका. पॉलिश पेपर गुंडाळून चेंबर ‘गुळगुळीत’ करण्याचा मोह होईल, तो आवरा: चेंबरचं माप एकदा बिघडलं की भरून येत नाही.

साफ केल्यावरही बोल्ट अडत असेल तर लगच्या, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्यांच्या, खोबणी बघा. तिथे वाळलेलं ग्रीस बसतं आणि वरून दिसत नाही.

प्रश्न: जुन्या लष्करी काडतुसांनी नळी गंजते, म्हणून काचा पुसायचं अमोनियावालं पाणी लगेच मारावं लागतं म्हणे. एवढ्याने भागतं का? आणि बंदुकीचं चांगलं तेल लावलं तर?

गंज बारुदीमुळे येत नाही, टोपीमुळे येतो. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. तो नळीत, बोल्टच्या तोंडावर आणि स्वयंचलित रायफलीत गॅसच्या मार्गात बसतो. दमट हवेत पाणी ओढतो आणि एका रात्रीत लाल गंज दिसू लागतो. सोव्हिएत आणि पूर्व युरोपातली ७.६२×५४ आर लष्करी काडतुसं १९८० च्या दशकातली असली तरी याच जातीची असतात. ली-एनफिल्डच्या थ्री नॉट थ्रीची जुनी कॉर्डाइट बारुदीची काडतुसंही तशीच समजा. शंका असेल तर क्षार आहेत असंच धरा. चूक झाली तरी नुकसान एक किटली पाण्याचं.

हा क्षार तेलात विरघळत नाही. नुसतं तेल लावलंत तर क्षारावर तेलाची चादर पडते आणि खाली गंज आपलं काम करत राहतो. अमोनियाचीही यात काही करामत नाही. क्षार आम्लही नाही, तेव्हा ‘मारायला’ काहीच नाही. त्या बाटलीत काम करतं ते पाणी. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशाला सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. नळीत एवढा क्षार कधीच नसतो, म्हणून पाणी कमी पडण्याचा प्रश्न नाही. ते सगळीकडे पोचतं का, एवढंच बघायचं. उकळतं पाणी घेण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पोलाद तापतं आणि नळी आपोआप सुकते.

बोल्ट काढा, नळीचं तोंड खाली बादलीत ठेवा आणि चेंबरच्या बाजूने नरसाळ्याने अर्धा ते एक लिटर उकळतं पाणी ओता. नरसाळ्याला रबरी नळीचा तुकडा लावून तो चेंबरमध्ये बसवा, नाहीतर पाणी मॅगझिनमार्गे लाकडात उतरेल. ब्रिटिश सैन्यात यासाठी वाकड्या तोंडाचं खास नरसाळं मिळायचं. नळी तापते, जाड फडक्याने धरा. मग दोन कोरड्या चिंध्या, नेहमीची साफसफाई, शेवटी तेल. बोल्टचं डोकं, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची फट आणि फायरिंग पिनचं टोक गरम पाण्यातच घासा. एसकेएससारख्या गॅसवर चालणाऱ्या रायफलीत गॅसचा पिस्टन आणि गॅसची नळीही. तीच विसरली जाते आणि तिथेच पहिला गंज दिसतो. गॅसच्या नळीत परत तेल घालू नका, ते जळून काजळी होते. पुसून कोरडी ठेवा.

दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर पाण्यापासून पुन्हा.

प्रश्न: एसकेएसचा बोल्ट बाहेर काढून हलवला तर काहीच आवाज येत नाही. यायला हवा का?

हवा, आणि तो येईपर्यंत या रायफलीत एकही काडतूस भरू नका. बहुतेक एसकेएसमध्ये फायरिंग पिनला मागे ढकलणारी स्प्रिंग नसते, पिन मोकळी खुळखुळत असते. तिच्या पोकळीत कॉस्मोलिन घट्ट झालं की पिन पुढे अडकते. मग बोल्ट पुढे येताच, चापाला हात न लावता बार उडतो. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं असतील तर दहाही सुटू शकतात.

पिन धरून ठेवणारी आडवी खिळी पंचने ठोकून काढा. त्याआधी पिनची कुठली बाजू वर आहे त्याचा फोटो घ्या, कारण उलटी बसवली तर साफ पिनही पुढेच अडकून राहते. पोकळी टर्पेंटाइनने भरा, दहा मिनिटांनी पाइप क्लीनरने उपसा, चिंधी स्वच्छ येईपर्यंत. पिन कोरडीच बसवा, तेल नाही, ग्रीस तर मुळीच नाही. हलवल्यावर स्पष्ट खुळखुळ ऐकू आली पाहिजे. ही तपासणी दर वेळी रेंजवर जाण्याआधी करा, तीन सेकंदांचं काम आहे.

प्रश्न: तांबं काढायचं द्रावण लावलं की चिंधी निळी येते. चाळीस चिंध्या झाल्या, निळा रंग थांबत नाही. नळीत एवढं तांबं असतं का?

रॉडच्या टोकाचा जॅग (चिंधी धरणारा तुकडा) किंवा ब्रश पितळी असेल तर तुम्ही नळी नाही, आपलाच ब्रश विरघळवत आहात. अमोनियाचं द्रावण पितळातलं तांबंही तितक्याच आवडीने खातं. नायलॉनचा ब्रश आणि निकेल चढवलेला किंवा प्लास्टिकचा जॅग वापरा, म्हणजे खरं काय ते कळेल.

काजळी आणि तांबं थरावर थर बसतात. आधी काजळीचं द्रावण आणि ब्रश, मग अमोनियाचं द्रावण, १० ते १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही, मग कोरड्या चिंध्या. हा फेरा दोन-तीनदा. अमोनियाचं द्रावण नळीत रात्रभर ठेवू नका. आणि ब्लीचच्या बाटलीजवळही नेऊ नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या काही गोळ्यांवर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं कवच असे. त्याचे नळीतले डाग चंदेरी आणि चिवट असतात, त्यांना फेरे जास्त लागतात.

काळपट, खड्डे पडलेल्या नळीत शेवटची चिंधी पांढरीशुभ्र येत नाही, कधीच. नेम ठीक लागत असेल तर तिथेच थांबा. अशा नळ्या गोळ्यांपेक्षा रॉडने जास्त झिजलेल्या दिसतात.

प्रश्न: रॉड तोंडाकडून घालावा की चेंबरकडून? आणि पुल-थ्रू, म्हणजे वजन लावलेली साफसफाईची दोरी, अजून वापरायचा का?

बोल्ट निघत असेल तर चेंबरकडून, एकसंध रॉडने. तुकडे जोडलेल्या रॉडच्या सांध्यांवर कडा असतात आणि त्या नळी खरवडतात. एसकेएस किंवा एम १ गॅरंडसारख्या रायफलीत मागून वाटच नाही. तिथे नळीच्या तोंडावर पितळी किंवा प्लास्टिकची शंकूसारखी टोपी बसवा, म्हणजे रॉड मधोमध राहील. गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ एका बाजूने झिजला की नेम गेला. काही मोसिनच्या नळ्यांचा झिजलेला काठ शस्त्रागारात आतून मोठ्या ड्रिलने कापून काढलेला असतो. अशा नळीच्या तोंडाशी पायरी दिसते, तिथे मळ साचतो. तिला मोठी चिंधी बोटाने फिरवून वेगळी पुसा.

पुल-थ्रू चांगला, पण धुतलेला. दोरीला चिकटलेली धूळ करवतीसारखी काम करते आणि दोरी तिरकी ओढली की नळीच्या तोंडाला खोबण पडते. ली-एनफिल्डसाठी फ्लॅनेलची चिंधी ठरलेली: ४×२ इंच, म्हणजे अंदाजे १०×५ सेंटिमीटर. वजन चेंबरकडून सोडा आणि नळीच्या रेषेत, एका दमात ओढा. मध्येच थांबलात तर चिंधी घट्ट बसते. शेवटचा फास रिकामा असतो तो त्यासाठीच: अडकलेला पुल-थ्रू त्याला दोरी बांधून मागे ओढायचा. दोन चिंध्या एकावर एक कधीही घालू नका.

प्रश्न: शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्डचा दस्ता किंचित हलतो. मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आवळू का?

थांबा! नंबर १ मार्क ३ मध्ये, म्हणजे तुमच्याच या रायफलीत, दस्त्याच्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते पुढच्या लाकडात मागे बसवलेल्या पट्टीत अडकतं, बोल्ट आपोआप सैल पडू नये म्हणून. तसंच मागून फिरवलंत तर ते चौकोनी टोक पट्टीला आणि पट्टी लाकडाला फिरवू बघते, आणि पुढचं लाकूड मागच्या बाजूने चिरतं. इतका साधा स्क्रू आवळताना इतकं महाग लाकूड फुटतं, हे या रायफलीच्या बाबतीत नेहमीचं आहे.

आधी नोजकॅप, बँड, वरची लाकडं, ट्रिगर गार्डचे स्क्रू असं करत पुढचं लाकूड पूर्ण उतरवा. मग दस्त्याच्या पोकळीच्या तळाशी चामड्याची किंवा नमद्याची चकती असते ती उकरून काढा. ती राहिली तर स्क्रूड्रायव्हर नुसता चामड्यात फिरतो आणि बोल्ट फिरतोय असा भास होतो. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा, रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. आवळताना शेवटी चौकोनाच्या बाजू सरळ उभ्या-आडव्या आल्या पाहिजेत, तरच पट्टी त्यावर सरकेल. नाहीतर लाकूड बसणारच नाही, आणि ते ठोकून बसवायचं नसतं.

प्रश्न: लाकूड काळं आणि तेलकट झालंय, खड्डेही आहेत. पॉलिश पेपर मारून वॉर्निश करावं म्हणतो.

पॉलिश पेपर मारलात तर लाकडावरचे तपासणीचे शिक्के जातात, धातूलगतच्या कडा गोल होतात आणि लाकूड धातूच्या पातळीखाली जातं. रायफलीची निम्मी किंमत त्या धुरळ्यात उडते.

तेल बाहेर काढायला खडूची पूड आणि मिनरल टर्पेंटाइन यांचं दाटसर मिश्रण करा. लाकडावर २-३ मिलिमीटर थर द्या आणि उन्हात ठेवा. पूड तपकिरी झाली की मऊ ब्रशने झाडा. फार तेलकट लाकडाला चार-पाच फेरे लागतात. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यात कॉस्टिक असतं, ते लाकडाचे तंतू कुजवतं. कितीही शिफारस झाली तरी वापरू नका. मोसिनच्या सोव्हिएत लाकडावर बहुधा लाखेचं शेलॅक असतं, त्याला स्पिरिट लावलंत तर सगळं पॉलिश हातात येईल. टर्पेंटाइनने त्याला काही होत नाही.

खड्ड्यांवर ओलं सुती फडकं दुमडून ठेवा आणि गरम इस्त्री चार-पाच सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील, म्हणजे ओरखडा किंवा खाच असेल, तर वाफ काही करत नाही. शिक्क्यांजवळ इस्त्री नको.

मग अळशीचं तेल. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं साधारण २४ तास. चमचाभर तेल तळव्याने चोळा, १५ मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. तीन पातळ हात पुरे. जाड हात दिला तर तो चिकटच राहतो.

तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटतं. एकेक फडकं बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

प्रश्न: वरचं लाकूड काढलं तर नळीवर लाल गंज. गंज काढायचं रसायन लावू का?

बाजारातली बहुतेक रसायनं आणि व्हिनेगर आम्लधर्मी असतात. नळीवरचं निळं-काळं पॉलिश हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, तेव्हा आम्ल गंजाबरोबर तेही खातं. पातळ तेल लावून एक दिवस मुरू द्या, मग ब्राँझ वूल किंवा ०००० नंबरचं स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. बँडसारखे छोटे भाग डिस्टिल्ड पाण्यात २०-३० मिनिटं उकळले तर लाल गंज काळा होतो आणि नुसत्या घासण्याने सुटतो. खाली पडलेल्या खड्ड्यात नख अडकत असेल तर नळी गनस्मिथला दाखवल्याशिवाय बार काढू नका.

प्रश्न: बोल्ट हरवला आहे. माझ्या ली-एनफिल्ड नंबर ४ ला दुसऱ्या नंबर ४ चा बोल्ट बसतोय. चालेल?

बसतो म्हणून चालतो असं नाही. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकतं ती जागा यांच्यातलं अंतर, गेजने मोजून घ्या. थ्री नॉट थ्रीसाठी लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच आहे. नंबर ४ च्या बोल्टची डोकी ० ते ३ अशा मापांत येतात ती याचसाठी. गेज नसेल तर गनस्मिथ.

प्रश्न: वर्षातले आठ महिने रायफल कपाटातच असते. कशी ठेवू?

फोमच्या पेटीत नाही आणि चामड्याच्या पट्ट्यासह नाही, दोन्ही ओल धरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील एवढं सिलिका जेल कपाटात ठेवा आणि आर्द्रतामापक लावा. आकडा न बघता सिलिका जेल ठेवणं म्हणजे नुसतं समाधान. बाहेरच्या धातूला कापडावर दोन-तीन थेंब तेल पुष्कळ. जास्त घातलंत आणि रायफल उभी ठेवलीत तर ते खाली उतरून रिसीव्हरमागचं लाकूड मऊ करतं. म्हणून पहिले काही दिवस तोंड खाली करून ठेवा. लगवर गव्हाच्या दाण्याएवढं ग्रीस. दर दोन महिन्यांनी बाहेर काढा, हाताचे ठसे पुसा, लाकडाच्या काठाशी बघा. रेंजवर नेण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवून तेल काढून टाका, नाहीतर पहिली गोळी भलतीकडेच जाईल.